शेवटचा बाक

मी फक्त मान वळवून मागं पाहिलं होतं. बोलले काहीच नाही, ओठांवर बोटही ठेवलं नाही. पण पोचायचं ते त्या पाहण्यातून पोचलं आणि शेवटच्या बाकावरची ती बाई उठली. शेजारी बसलेल्या मुलाच्या दंडाला धरून तिनं त्याला उभं केलं. त्याची एक चप्पल बाकाखाली गेली होती. वाकून, हातानं चाचपून तिनं ती बाहेर ओढली, त्याच्या पायात न घालता हातातच घेतली, आणि दोघं बाजूच्या दारानं बाहेर गेली. दाराची बिजागरी करकरली, तेवढाच आवाज. मी परत वेदीकडे तोंड केलं.

२५ मार्चची संध्याकाळ होती. देवदूतानं मरियेला निरोप दिला तो सण, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी. आमच्या फादरांनी यंदा त्या दिवसाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, जीवनाच्या सन्मानासाठी अर्पण करायचं ठरवलं होतं. पोटातल्या जिवापासून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसापर्यंत सगळ्यांसाठी. उपवासकाळ चालू असल्यामुळं एरवी वेदीवर फुलं नसतात, सगळीकडं जांभळं असतं. पण हा एक दिवस सणाचा, पांढऱ्या झग्याचा. सजावट माझ्याकडे होती. वेदीच्या पायऱ्यांपुढं रिकामा पाळणा ठेवायची कल्पनाही माझीच. शेजाऱ्यांच्या माळ्यावरचा सागवानी पाळणा खाली काढला, दोन दिवस तेलाच्या फडक्यानं पुसला, कड्यांचा गंज घासून काढला. पहाटे मार्केट यार्डात जाऊन मोगरा आणला, गजरे करून चारी दांड्यांना गुंडाळले, आत धुतलेलं पांढरं दुपटं अंथरलं. संध्याकाळी दिवे लागले, पंख्याच्या वाऱ्यानं पाळणा अगदी किंचित हलायला लागला, आणि आत येणारी प्रत्येक बाई तिथं क्षणभर थबकून मगच बाकाकडे वळायला लागली. मला बरं वाटलं. खरं तर अभिमान वाटला.

चर्च भरलं होतं. आठवड्याच्या मधल्या वारी आमच्याकडं एवढी माणसं येत नाहीत. पहिल्या बाकावर चार गरोदर बायका होत्या, त्यांतली एक इतकी दिवसांत आलेली की तिला गुडघ्यावर टेकता येईना. बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर वस्तीतली म्हातारी माणसं, त्यांना पोरांनी दुचाकीवरून आणून बसवलेलं. श्रद्धा, म्हणजे आमच्या विश्वासाची कबुली, म्हणताना 'कुमारी मरियेच्या उदरी' या शब्दांशी आलो तेव्हा सगळे गुडघ्यावर आलो. वर्षातून दोनच दिवस आम्ही त्या ओळीला गुडघे टेकतो, नाताळला आणि या सणाला. एवढ्या माणसांचे गुडघे एकदम लाकडाला लागतात तेव्हा एक आवाज होतो, ढगात खोल कुठंतरी गडगडल्यासारखा, आणि त्याच्यामागून जी शांतता येते ती मला लहानपणापासून आवडते. मग विश्वासूंच्या प्रार्थना झाल्या. जन्माला न आलेल्या बाळांसाठी, एकट्या पडलेल्या आयांसाठी, कर्जानं खचलेल्या शेतकऱ्यांसाठी, दवाखान्यात पडलेल्यांसाठी, फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी. 'हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.' मीही मोठ्यानं म्हणत होते.

पुढं फादरांनी ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र केलेली भाकर, उंचावलं. वेदीसेवक पोरानं घंटी वाजवली, तीनदा. आणि मागून तो आवाज आला.

रडणं नव्हतं, ओरडणंही नव्हतं. पेटीची एकच पट्टी दाबून धरावी आणि भाता मारत राहावा, तसा एक लांबलचक सूर. 'ऊंऽऽऽ'. नाकातून, घशातून, सगळ्या छातीतून येणारा. माझ्या त्या आवडत्या शांततेला त्यानं मधोमध चीर पाडली. मी वळून पाहिलं.

मिस्सा संपल्यावर अंगणात चहा होता, बुंदीचे लाडू होते. गरोदर बायकांचे पाळण्याशेजारी फोटो काढले. जो तो पाळण्याचं कौतुक करत होता. मी लाडू हातात धरून फाटकाकडं बघत होते, ती दोघं कुठं दिसतात का म्हणून. नाही दिसली. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘आवाज आला, तू पाहिलंस. त्यात एवढं काय?’’ बरोबरच होतं त्यांचं. त्यात एवढं काय, हे मला रात्रभर धडपणे मांडता येईना. सारखी ती चप्पल डोळ्यांपुढं यायची. पायात घालायलाही ती थांबली नाही. म्हणजे अशा पाहण्यांची तिला किती सवय असेल! किती ठिकाणांहून ती अशी, चप्पल हातात घेऊन, निघून आली असेल!

माझी आजी सुईण होती. नगर जिल्ह्यात राहुरीकडं आमचं गाव. तिच्या हाताखालून गावातली निम्मी माणसं जगात आली असं म्हणायचे, आणि ते फार खोटं नसावं. बाळंतपण अडलं की रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणूस यायचा, मग तो पाटलाच्या वाड्यावरचा असो नाहीतर आमच्याच गल्लीतला. वाड्यावर तिला मागच्या दारानं नेत. तिचा हात पोटावर फिरायचा, बाळाचं डोकं तिच्याच तळव्यात यायचं, नाळ तीच कापायची; आणि सगळं उरकल्यावर तिला तहान लागली की ओंजळ पुढं करायला लावून वरून पाणी ओतायचे. आमच्या घरात तोवर दोन पिढ्या ख्रिस्ती होऊन झाल्या होत्या, पण ओतणाऱ्यांच्या लेखी त्यात फरक पडला नव्हता. आजी हे तक्रारीच्या सुरात कधी सांगायची नाही. सांगताना ती दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवायची, एवढंच. त्या ओंजळीकडे बघून माझ्या पोटात कालवायचं.

तिच्या कनवटीच्या चंचीत पान-सुपारी, काळ्या दोऱ्याची गुंडी, आणि औषधाची एक चपटी शिशी असायची. शिशीवर बुचाऐवजी चिंधीचा बोळा. त्या शिशीत पाणी. एखादं लेकरू निळं पडूनच आलं, श्वास धरेना, चापट्या मारून, उलटं धरून, तोंडात फुंकून काही होईना, तर ती ती शिशी उघडायची. बाप्तिस्मा द्यायला फादर लागतात, पण जीव जाण्याची वेळ असेल तर कुणीही देऊ शकतं. हे तिला मिशनमधल्या सिस्टरांनी शिकवलं होतं आणि ती ते पाढ्यासारखं पाठ म्हणायची. बाळाच्या टाळूवर तीन वेळा पाणी, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. नाव ठरवायला वेळ नसायचा. मुलगा असला तर योसेफ, मुलगी असली तर मरिया. मी एकदा विचारलं, वाड्यावरच्या बाळांनाही द्यायचीस का गं? ती रागावली. ‘‘न्हाई. आपल्याच लेकरांना. दुसऱ्याच्या लेकरावं आपला काय हक? त्याला नुसतं उराशी धरायचं, गार होस्तवर. आईनं मागितलं तर आईजवळ द्यायचं.’’

रात्री जपमाळ संपली की ती एक जास्तीची 'नमो मरिये' म्हणायची. 'धन्य तुझ्या उदराचे फळ' इथं आली की थोडी थांबायची. तिच्या अकरा योसेफांसाठी आणि नऊ मरियांसाठी.

जुन्या बायकांच्या मनात तेव्हा एक भीती असायची की बाप्तिस्म्याविना गेलेलं लेकरू स्वर्गाच्या उंबऱ्यावर अडकतं, ना आत ना बाहेर. २००७ साली रोममधल्या ईशज्ञान आयोगानं एक मोठा लेख काढला, अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत म्हणून. आमच्या फादरांनी ते रविवारच्या प्रवचनात सांगितलं. मी ते ऐकलं आणि मला त्या शिशीचीच आठवण झाली. आजीला जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. ती असती तर म्हणाली असती, मला ठाऊकच होतं. आणि शिशी तरीही भरून ठेवली असती.

आता हे सगळं मला त्या रात्री का आठवत होतं? कदाचित यासाठी की आजीसमोर आलेला जीव कधी नीटस नसायचा. रक्त, शेण, राख, ओरडणं, त्यातच तो यायचा. तिचा सन्मान त्या चिखलात हात घालूनच सुरू व्हायचा. आणि मी, तिची नात, धुतलेलं दुपटं अंथरलेला रिकामा पाळणा सजवून बसले होते. रिकाम्या पाळण्यातून आवाज येत नाही.

मी तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. शिक्षकांना जनगणनेचं काम लागतं. २०११च्या फेब्रुवारीत मला येरवड्याच्या बाजूच्या चाळी आणि सोसायट्या मिळाल्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी, फॉर्मांचं बाड, पुठ्ठ्याची पाटी आणि दर दाराला तेच प्रश्न. त्यात एक प्रश्न अपंगत्वाचा होता. बहुतेक घरांत तो विचारताच ‘नाही नाही’ असं झटकन उत्तर यायचं, जणू मीच काही वाईट चिंतलं. एका घरी अशीच एक बाई म्हणाली, ‘‘नाही, आमच्यात तसं कुणी नाही.’’ आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून एक आवाज आला. मोठ्या माणसाचा, पण शब्द नसलेला. तिनं पाय मागं करून खोलीचं दार लोटलं. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. पेन कागदावर होतं. पुन्हा विचारायला हवं होतं, तेच माझं काम होतं. मी विचारलं नाही. तिनं सांगितलं तसं लिहिलं, तिच्या हातचा चहा घेतला आणि पुढच्या दाराला गेले. तिची लाज राखली असं मला तेव्हा वाटलं. आतल्या माणसाला देशाच्या मोजणीतून मी कुठं ठेवलं, हे मनात आलं नाही.

त्या जनगणनेचे आकडे पुढं पेपरात आले. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८९४ मुली. दहा वर्षांपूर्वी ९१३ होत्या. म्हणजे गर्भलिंगतपासणीविरुद्ध देशात सगळ्यांत आधी, १९८८ साली, कायदा करणारं राज्य आपलं, आणि आपल्याकडंच पोरी अशा गळत गेल्या. मला तो आकडा बाकीच्यांसारखा पेपरातला वाटेना, कारण त्यातली काही घरं माझ्या अक्षरातली होती. 'दोन मुलगे' लिहिताना आईच्या तोंडावरचं समाधान, 'दोन मुली' लिहिताना मागून आलेला सासूचा सुस्कारा. आमच्या समाजात असलं काही नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या सख्ख्या नात्यात तिसरी मुलगी झाली तेव्हा पेढे नाहीत आणि बर्फीही नाही, काहीच वाटलं नाही. बाप्तिस्म्याला मात्र सगळे गेलो, सगळ्यांनी फोटो काढले.

चौथीच्या मुलांना मी दरवर्षी गंज पेठेत फुले वाड्यावर न्यायची. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली त्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवांनी इथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, बाळ न्यावं किंवा ठेवून जावं. अंगण सारवलेलं असायचं, विहीर, तुळशीवृंदावन. मुलं विहिरीत डोकावायची आणि मी त्यांच्या मागं 'अरे वाकू नका' करत धावायची. एका वर्षी एका मुलीनं पाटी वाचून विचारलं, ‘‘बाई, बाळांना कोण मारायचं?’’ मला उत्तर सुचेना. आई, असं म्हणू? समाज, म्हणू? नऊ वर्षांच्या पोरीला समाज म्हणजे काय कळणार! मी म्हटलं, ‘‘ज्यांना कुणी घरात घेत नव्हतं, त्या बायका घाबरून जायच्या.’’ ती म्हणाली, ‘‘मग ह्यांनी घरात घेतलं.’’ आणि पळाली. त्यांनी घेतलं, आणि तिथंच एका ब्राह्मण विधवेच्या पोटी झालेल्या यशवंतला दत्तक घेऊन आपलं नाव दिलं, डॉक्टर केलं. पुढं प्लेगात सावित्रीबाई मुंढव्याच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन यशवंतच्याच दवाखान्याकडं निघाल्या, आणि त्याच प्लेगानं १० मार्च १८९७ला गेल्या. आमच्या घरावरून मुंढव्याला बस जाते. दर वेळी त्या पाटीकडं बघताना मला ते पाठीवरचं पोर आठवतं. तापानं फणफणलेलं, जड. पाठीवर नीट बसत नसणार ते.

माझ्या श्रद्धेविषयी कुणी शंका घेऊ नये म्हणून लिहिते. जीव पोटात धरल्यापासून देवाचा असतो असं मी मानते, मनापासून मानते. आणि तरीही माझ्या शाळेतली एक मैत्रीण, हिंदू, दोन लेकरांची आई, पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी बाळाच्या मेंदूत दोष सांगितल्यावर गर्भपाताला गेली, तेव्हा तिच्यासोबत दवाखान्यात मीच होते. तिला बाकी कुणाला सांगायचं नव्हतं. बाहेर आल्यावर पांढरी पडलेली ती मला म्हणाली, ‘‘तुमच्यात याला पाप म्हणतात ना गं?’’ मी थर्मासचा चहा पुढं केला. म्हटलं, ‘‘आधी हा पी.’’ ती प्यायली. त्या रात्री मी आजीसारखी एक जास्तीची 'नमो मरिये' म्हटली, आणि ती कुणासाठी हे ठरवता आलं नाही. बाळासाठी की तिच्यासाठी की माझ्यासाठी. आजही या दोन गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी राहतात. भांडतात. एकीला बाहेर काढून दार लावणं मला जमलेलं नाही.

फाशीचंही तसंच. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली बरोबर २५ मार्चलाच जीवनाविषयीचं परिपत्रक काढलं आणि त्यात गर्भपात, दयामरण यांच्याबरोबर फाशीचाही विषय घेतला. तिची गरज पडावी असे प्रसंग आता जवळजवळ नाहीतच, असं लिहिलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१८मध्ये धर्मशिक्षणाच्या ग्रंथात सरळ बदल करून फाशी कधीच मान्य नाही असं म्हटलं. हे सगळं वाचायला सोपं. २१ नोव्हेंबर २०१२ला सकाळी येरवड्यात कसाबला फाशी दिली तेव्हा आम्हाला शाळेत मधल्या सुट्टीत कळलं. तुरुंग तिथून जवळच. कुणीतरी पेढे आणले. मीही खाल्ला. १६६ माणसं गेली होती त्या हल्ल्यात. माझ्या नणंदेचा मुलगा त्या रात्री सीएसटीवरून पंधरा मिनिटं आधी निघाला म्हणून आमच्या घरात आहे. घरी आले, संध्याकाळी जपमाळ झाली. माझ्या सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढं. शेवटी त्या म्हणाल्या, ‘‘एक 'आमच्या बापा' त्या पोराच्या आईसाठी.’’ मला इतका राग आला! मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. बाहेर त्या एकट्याच म्हणत राहिल्या, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा. मला लाटण्याच्या आवाजातूनही ऐकू येत होतं.

आमच्या समाजातल्या किती मुली नर्सिंगला गेल्या! माझी एक मावसबहीण मुंबईला केईएम रुग्णालयात होती. तिथलीच नर्स असलेली, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेली अरुणा शानबाग. तिची गोष्ट मावसबहिणीकडून ऐकताना मी पहिल्यांदा नर्सेसच्या बाजूनं ऐकली. १९७३ ते २०१५, बेचाळीस वर्षं केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली की दुसरी. २०११ साली तिच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला, तेव्हा त्यांनी मिठाई वाटली. न्यायालयानं त्याच निकालात काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. त्यावर माणसं दोन्ही बाजूंनी बोलली, आणि दोन्हीकडं कळवळाच होता. पण मावसबहीण वादात पडायची नाही. ती म्हणायची, ‘‘तिला कूस कधी बदलायची ते आम्हाला तिच्या कण्हण्यावरून कळतं. आपलं माणूस असलं की कळतं.’’

कण्हण्यावरून कळतं. आणि मला तो सूर नुसता आवाज वाटला होता.

पुढचे तीन रविवार मी शेवटच्या बाकाकडं बघत आत शिरले. झावळ्यांच्या रविवारी नाहीत, पुण्य शुक्रवारी नाहीत, पुनरुत्थानाच्या रात्री एवढी मेणबत्त्यांची गर्दी झाली त्यातही नाहीत. वेदी आवरणाऱ्या दादांना विचारलं. ते म्हणाले, येतात अधूनमधून, मागंच बसतात, नाव नाही ठाऊक. आमच्या धर्मग्रामात कुणाकडं म्हैस व्याली तरी सगळ्यांना कळायचं, असं गावाकडच्या बायका हसून सांगतात. इथं शेवटच्या बाकावर येणाऱ्या बाईचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. मलाही.

मे महिन्यात भाजीबाजारात भेटली. कोथिंबिरीची जुडी निवडत होती, मुलगा शेजारी वजनकाट्याकडं बघत उभा. वीस-बावीसचा असेल. चेहरा कोवळा, मिशी फुटलेली, केस ओले करून नीट भांग पाडलेला. मी पुढं झाले. काय बोलायचं ते महिनाभर घोकलं होतं, आणि ऐन वेळी एकही वाक्य सापडेना. तीच म्हणाली, ‘‘मावशी, त्या दिवशी पाळणा फार सुंदर सजवला होतात तुम्ही.’’

मला कुठं बघावं कळेना. म्हटलं, ‘‘मी तुझ्याकडं वळून पाहिलं. तसं पाहायला नको होतं.’’ ‘‘जाऊ द्या हो,’’ ती म्हणाली. मी माफ केलं असंही म्हणाली नाही आणि काही झालंच नाही असंही नाही. जुडीतली पिवळी पानं काढत राहिली. मग म्हणाली, ‘‘त्याला घंटी आवडते. बाकी त्याला किती कळतं, डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पण घंटी वाजली की सूर लावतो. घरी टीव्हीवर देवळातली लागली तरी लावतो. तेवढ्यासाठी तर आणते मी त्याला.’’ काटेवाल्यानं वजन टाकलं, काट्याच्या दांडीचा टण्ण आवाज झाला, आणि तिच्या मुलानं ओठ मिटून हळूच ‘ऊं’ केलं. तिनं त्याच्याकडं पाहून मान हलवली, शाबास म्हणावं तशी. ‘‘त्या दिवशी एकच घंटी मिळाली त्याला,’’ ती म्हणाली. ‘‘नंतर पेला उंचावतात तेव्हाची राहिली. मग रिक्षात बसेना. उशिरापर्यंत वाट बघत होता.’’

मी घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि बराच वेळ तशीच उभी राहिले. आमच्या चर्चमधली घंटी मी पन्नास वर्षं ऐकतेय. सिटी चर्चमधली लहानपणी नाताळला ऐकलेली वेगळी, गावच्या चर्चची वेगळी, ही वेगळी. पण ती कुठल्या सुराची, हे कधी मनातही आलं नव्हतं. मला ती म्हणजे डोकं खाली घालायची खूण.

परवाच्या रविवारी ती दोघं आली. मी सजावटीचं सगळं तरुण मुलींवर सोपवून आधीच शेवटच्या बाकावर जाऊन बसले होते. तिनं मला पाहिलं, जराशी थबकली, मग मुलाला आत सारून स्वतः कडेला, दाराच्या बाजूला बसली. चप्पल त्यानं दोन्ही काढल्या. मी पायानं त्या बाकाखालून आमच्या पुढ्यात ओढून ठेवल्या. मागच्या बाकावरून सगळं वेगळंच ऐकू येतं. प्रवचनातले निम्मे शब्द पंखा खातो, रस्त्यावरच्या बसचे ब्रेक आत येतात, कुणाचं तरी बाळ सतत कुरकुरत असतं. तो मात्र शांत होता. दोन्ही हात मांडीवर, नजर वेदीसेवकाच्या हाताकडं. पोरानं घंटी उचलायच्या आधी ती गालिच्यावरून थोडी सरकवली, तेव्हाच याच्या छातीत श्वास भरलेला मला दिसला.

घंटी वाजली. ‘ऊंऽऽऽ’. अगदी जवळून, माझ्या खांद्याला खांदा लागलेला, त्यामुळं तो सूर मला कानाआधी दंडात जाणवला. पुढच्या तिसऱ्या बाकावरच्या गृहस्थांची मान वळायला लागली. त्याच्या आईचा हात सवयीनं त्याच्या दंडाकडं निघाला, आणि मी तो मधेच धरला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, हातही सोडवून घेतला नाही. ते गृहस्थ बघत होते की नाही मला माहीत नाही. मी कान देऊन ऐकत होते. तिसरा ठोका पडला, विरत विरत गेला. त्याचा तोच सूर, त्याच पट्टीत, अजून चालू होता, आणि पेल्याची घंटी अजून वाजायची होती.